एकाच वॉर्डात दोन पगार: कायम आणि कंत्राटी परिचारिकांमध्ये ठिणगी का पडते?

माधवनगर किंवा बुधगावातला रुग्ण सांगलीच्या ‘सिव्हिल’मध्ये किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात दाखल झाला की नातेवाइकांसाठी वॉर्डातली प्रत्येक परिचारिका ‘सिस्टर’च असते. सलाइन कोणी लावले, रात्री दोन वाजता ताप कोणी पाहिला, यातली कोण कायम आणि कोण कंत्राटी, हे त्यांना कळत नाही आणि कळण्याचे कारणही नाही. दोघींची नोंदणी एकाच महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते आणि अभ्यासक्रमही एकच असतो. फरक पडतो तो महिनाअखेरीस. राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत हा फरक गेली वीस वर्षे मुरत आला आहे आणि २०२५ च्या पावसाळ्यात तो दोनदा रस्त्यावर आला.

दोन महिने, दोन संप

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेने आझाद मैदानावर धरणे धरले आणि १८ जुलैपासून बेमुदत संप पुकारला. संपावर होत्या कायम परिचारिका. वेतनातील त्रुटी दूर करा आणि परिचारिकांची कंत्राटी भरती थांबवा, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. बरोबर महिन्याभराने, १९ ऑगस्टपासून, राष्ट्रीय आरोग्य अभियानातील म्हणजे ‘एनएचएम’मधील कंत्राटी कर्मचाऱ्यांनी काम बंद केले. त्यात परिचारिकाही मोठ्या संख्येने होत्या. त्यांची मागणी होती, आम्हाला कायम करा.

एका गटाला कंत्राटी पद्धत नको आहे, दुसऱ्या गटाला कंत्राटातून सुटका हवी आहे. कागदावर या दोन्ही मागण्या एकमेकींना पूरक वाटतात. तरीही वॉर्डात या दोन गटांत अढी असते. अनेक ठिकाणी एक गट संपावर गेला की दुसऱ्या गटाच्या जिवावर वॉर्ड चालतो आणि संप मिटल्यावर ते दोघींच्याही लक्षात राहते.

‘बदली’ हा शब्द इथे नवा नाही

एकेकाळी माधवनगर म्हटले की कॉटन मिल आठवायची. ज्या घरांनी गिरणी पाहिली आहे त्यांना ‘बदली कामगार’ ही भानगड समजावून सांगावी लागत नाही. कायम कामगार गैरहजर राहिला की त्या दिवसापुरता बदली कामगार मागावर उभा राहायचा. पण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात यावर एक मर्यादा होती: बदली कामगाराने वर्षभर सलग सेवा पूर्ण केली की ले-ऑफच्या भरपाईसाठी त्याला ‘बदली’ मानायचे नाही. गिरणीच्या काळात कायद्याला एक वर्ष पुरेसे वाटत होते. आज सरकारी रुग्णालयातली कंत्राटी परिचारिका दहा-पंधरा वर्षे त्याच वॉर्डात असते आणि तिची ऑर्डर मात्र दरवर्षी नवी निघते.

हे कंत्राट आले कुठून?

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झाले. पुढे २०१३ मध्ये शहरी भागही जोडून ते राष्ट्रीय आरोग्य अभियान झाले. खर्चाचा वाटा केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. अभियान म्हणजे ठरावीक मुदतीचा कार्यक्रम. त्यामुळे त्यातली पदेही ठरावीक मुदतीची, एकत्रित मानधनाची. नवजात अर्भकांचे अतिदक्षता कक्ष, कुपोषित बालकांची केंद्रे, प्रसूतिगृहे अशी कामे या मनुष्यबळावर उभी राहिली. कार्यक्रम संपला नाही, मुदत वाढत गेली. नेमणूक मात्र अकरा महिन्यांची, किंवा वर्षाला एखादा दिवस कमी इतक्या काळाची. मग एक-दोन दिवसांचा ‘तांत्रिक खंड’ आणि पुन्हा नवी ऑर्डर. सलग सेवेचा हक्क उभा राहू नये, एवढाच या खंडाचा उपयोग. रुग्णसेवेच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही.

दुसरा प्रवाह बाह्यस्रोताचा, म्हणजे आउटसोर्सिंगचा. यात नेमणूक रुग्णालय करत नाही, खासगी एजन्सी करते. मे २०२२ मध्ये परिचारिकांनी याच मुद्द्यावर राज्यभर संप केला होता. पुढे ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ एजन्सींमार्फत सरकारी कार्यालयांत मनुष्यबळ घेण्याची वाट मोकळी झाली. त्यावर इतका गदारोळ झाला की २० ऑक्टोबरला तो निर्णय रद्द केल्याचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले. निर्णय गेला, रिकाम्या जागा राहिल्या.

तिसरा प्रवाह करोनाचा. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरच्या एकाच कुटुंबात रुग्ण सापडले आणि आकडा पंचवीसच्या वर गेला. मिरजेचे शासकीय रुग्णालय तेव्हा जिल्ह्याचे करोना रुग्णालय झाले. त्या काळात राज्यभर तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर परिचारिका घेतल्या गेल्या. लाट ओसरली, ऑर्डरी संपल्या. टाळ्या-थाळ्या वाजवून झाल्या होत्या, त्यामुळे कोणाला फारशी आठवण राहिली नाही.

पगारात नेमका फरक किती?

राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता मूळ वेतनाच्या निम्म्याहून अधिक झाल्याने आणि त्यावर घरभाडे भत्ता धरल्याने, नव्याने लागलेल्या परिचारिकेचेही एकूण वेतन ५० हजारांच्या पुढे जाते. ‘एनएचएम’च्या अनेक जिल्ह्यांतील जाहिरातींत स्टाफ नर्सचे एकत्रित मानधन २० हजार रुपये असते. म्हणजे त्याच शिफ्टमध्ये, त्याच खाटांसाठी, निम्म्याहून कमी.

यातही एक पोटभेद आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या कायम परिचारिकांना जुनी निवृत्तिवेतन योजना नव्हती. मार्च २०२३ मधील राज्य कर्मचाऱ्यांचा आठवडाभराचा संप त्यावरच होता. त्यामुळे एकाच वॉर्डात जुन्या पेन्शनची सिस्टर, नव्या पेन्शनची सिस्टर, अभियानाची सिस्टर आणि एजन्सीची सिस्टर अशी चार थरांची उतरंड दिसू शकते. वरच्या थराला खालच्या थराची भीती आणि खालच्याला वरच्याचा हेवा, असे सरळ गणित मात्र नाही.

वॉर्डात खटका कुठे उडतो?

पगाराच्या आकड्यावर वॉर्डात क्वचितच भांडण होते. होते ते ड्युटी लिस्टवर. महिन्याची यादी परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर लावते. नाईट कोणाला किती, दिवाळीत कोण, गणपतीत कोण, आयत्या वेळी कोणी आजारी पडली तर सलग दुसरी शिफ्ट कोण करणार, या प्रश्नांवर कंत्राटी परिचारिकेला नाही म्हणणे अवघड जाते. तिची पुढची ऑर्डर कामाच्या अहवालावर अवलंबून असते आणि अहवालावर सही वरिष्ठांची असते. तिला वाटते की तिच्या नाइलाजाचा फायदा घेतला जातो. बऱ्याचदा ते खरेही असते.

कायम परिचारिकांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. वॉर्डाचा साठा, डेड स्टॉकची नोंदवही, गुंगीच्या औषधांच्या कपाटाची किल्ली या गोष्टी सहसा कायम कर्मचाऱ्याच्या नावावर असतात. काही कमी पडले तर वसुली तिच्याकडून, लेखापरीक्षणात उत्तर तिने द्यायचे. शिफ्टमध्ये चार जणी असल्या तरी सहीची जबाबदारी एकीचीच. शिवाय नवी कंत्राटी मुलगी आली की व्हेंटिलेटर, मॉनिटर, रजिस्टर सारे शिकवायचे आणि ती तयार झाली की ऑर्डर संपते किंवा बरी नोकरी मिळून ती निघून जाते. पुन्हा पहिल्यापासून. ‘आम्ही काय शाळा उघडली आहे का’ हा त्रागा त्यातून येतो. तो त्या मुलीवर निघतो, कारण समोर तीच असते.

रजेचा विषय सर्वांत नाजूक. कायम परिचारिकेला अर्जित रजा, वैद्यकीय रजा, बालसंगोपन रजा असते. ती रजेवर गेली की तिची जागा कंत्राटी भरून काढते. कंत्राटी परिचारिकेच्या वाट्याला मोजक्या किरकोळ रजा. मातृत्व रजेबाबत कायदा तिच्या बाजूने आहे, पण मुदतीची ऑर्डर आडवी येते. दिल्लीतील एका सरकारी रुग्णालयातील कंत्राटी डॉक्टरला कंत्राट संपत असल्याचे सांगून अवघ्या ११ दिवसांचा मातृत्व लाभ देऊ केला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२३ रोजी स्पष्ट केले की कंत्राटाची मुदत संपली तरी पूर्ण लाभ द्यावाच लागेल. निकाल महत्त्वाचा आहे, पण तो मिळवायला त्या डॉक्टरला सहा वर्षे लागली.

चूक झाली तर?

इथे दोन नोकऱ्यांतला फरक सर्वांत कठोरपणे दिसतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात अर्भक कक्षाला आग लागली आणि दहा बाळांचा मृत्यू झाला. चौकशीनंतर जी कारवाई झाली तिच्यात जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित, कक्षाची परिसेविका निलंबित आणि दोन कंत्राटी परिचारिका व एका कंत्राटी डॉक्टरची सेवा समाप्त, अशी विभागणी होती. पुढे पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो त्या दोन कंत्राटी परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला आणि ११ रुग्ण गेले. तिथेही कारवाईच्या यादीत काही नावांपुढे निलंबन होते आणि दोन परिचारिकांपुढे सेवासमाप्ती.

निलंबन आणि सेवासमाप्ती हे शब्द बातमीत शेजारी-शेजारी येतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. निलंबित कर्मचाऱ्याला निर्वाह भत्ता मिळतो, विभागीय चौकशी होते, तिथे बाजू मांडता येते, अपील करता येते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण पाठीशी असते. कंत्राटी परिचारिकेला एक पत्र मिळते. चूक कोणाची, किती, विजेच्या वायरिंगची जबाबदारी परिचारिकेची कशी, हे प्रश्न तिच्या बाबतीत नोकरी गेल्यानंतर विचारले जातात. विशेष म्हणजे नवजात कक्षासारखे जोखमीचे विभागच मोठ्या प्रमाणात अभियानाच्या कंत्राटी मनुष्यबळावर चालतात.

अमेरिकेत उलटे का?

कायम आणि तात्पुरत्या परिचारिकांमधला तणाव जगभर आहे. अमेरिकेत त्याचे नाव ‘ट्रॅव्हल नर्स’. एजन्सीमार्फत साधारण १३ आठवड्यांच्या करारावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयात जायचे. राहण्या-जेवणाचा भत्ता करमुक्त मिळतो, पण एकाच ठिकाणी वर्षापेक्षा जास्त राहिल्यास ती सवलत जाते. तरी अनेक जणी करार वाढवत तिथेच राहतात. करोनाकाळात त्यांचा आठवड्याचा मोबदला कायम परिचारिकांच्या कितीतरी पट झाला आणि वॉर्डात धुसफूस सुरू झाली: कालच आलेली, काम आम्हाला विचारून करणारी, आणि पगार मात्र आमच्यापेक्षा जास्त. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेला एजन्सीच्या दरांवर २०१५ मध्ये मर्यादा घालावी लागली.

तिथे तात्पुरती परिचारिका महाग आहे, म्हणून कायम परिचारिका चिडते. आपल्याकडे ती स्वस्त आहे, म्हणून कायम परिचारिका धास्तावते. महाग मनुष्यबळ व्यवस्थापनाला नकोसे असते, ते कधी ना कधी कमी केले जाते. स्वस्त मनुष्यबळ सोयीचे असते. एका कायम परिचारिकेच्या पगारात दोन कंत्राटी मिळत असतील तर निवृत्त होणाऱ्या सिस्टरची जागा कायमस्वरूपी भरण्याची घाई कोणाला असेल? जुलैच्या संपामागची खरी भीती हीच होती.

कंत्राटी परिचारिकेमुळे दर्जा घसरतो, हा युक्तिवादही अधूनमधून ऐकू येतो. त्याला आधार कमी आहे. अमेरिकेतील परिचर्या संशोधक लिंडा एकेन यांच्या गटाने २००७ मध्ये हे तपासले. तात्पुरत्या परिचारिका जास्त असलेल्या रुग्णालयांत जे दोष दिसत होते, त्यांचे मूळ त्या परिचारिकांत सापडले नाही. ते अपुऱ्या मनुष्यबळात आणि वाईट कार्यस्थितीत होते. त्याच गटाचा २००२ चा अभ्यास तर प्रसिद्धच आहे: एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते.

वॉर्डाला किती सिस्टर लागतात?

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, म्हणजे प्रत्येक शिफ्टला नऊ रुग्णांमागे एक. शिवाय रजा धरून ३० टक्के जादा. चाळीस खाटांच्या वॉर्डाचा हिशेब केला तर १३ अधिक राखीव मिळून सुमारे १७ परिचारिका आणि प्रत्येक शिफ्टला चार ते पाच. सरकारी रुग्णालयात ज्यांनी रात्र काढली आहे त्यांना इथेच हसू येईल. रात्री एक किंवा दोन सिस्टर आणि जमिनीवर गाद्या टाकलेले रुग्ण, हे दृश्य राज्यात अपवादाचे नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा रिक्त पदांचा मुद्दा पुढे आलाच.

ड्युटी लिस्टवरचे भांडण हे खरे तर या १७ आणि प्रत्यक्षातल्या आकड्यामधल्या फरकाचे भांडण आहे. राखीव ३० टक्के जागेवर असत्या तर एकीची रजा दुसरीच्या नाईटमध्ये बदलली नसती.

दहा वर्षे झाली की कायम?

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर ‘एनएचएम’ कर्मचाऱ्यांनी मोठा संप केला. त्यानंतर १४ मार्च २०२४ रोजी शासन निर्णय निघाला. दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांचे नियमित पदांवर समायोजन करायचे, त्यासाठी सरळसेवेच्या पदांपैकी ३० टक्के जागा ठेवायच्या आणि उरलेल्या ७० टक्के नेहमीच्या भरतीने भरायच्या, असे त्याचे सूत्र. ऑगस्ट २०२५ चा संप या निर्णयाच्या अंमलबजावणीसाठी होता.

दहा वर्षांचा आकडा आकाशातून पडलेला नाही. कर्नाटक सरकार विरुद्ध उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २००६ रोजी मागच्या दाराने कायम होण्याला चाप लावला, पण मंजूर पदावर दहा वर्षे काम केलेल्यांसाठी एकवेळची सवलत ठेवली. पुढे अनेक सरकारांनी यातला चाप तेवढा लक्षात ठेवला. २० डिसेंबर २०२४ च्या निकालात, केंद्रीय जल आयोगातील सफाई कर्मचारी आणि माळ्यांच्या प्रकरणात, न्यायालयानेच त्यावर बोट ठेवले: वर्षानुवर्षे नियमित स्वरूपाचे काम करून घ्यायचे आणि हक्क मागितला की उमादेवी पुढे करायचा, हे चालणार नाही. समान कामाला समान वेतन या तत्त्वाचा लाभ तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही आहे, हे पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग खटल्यात २६ ऑक्टोबर २०१६ रोजीच ठरले होते.

परिचारिकांच्या बाबतीत अडचण ‘मंजूर पद’ या दोन शब्दांत आहे. अभियानातले पद हे राज्याच्या आकृतिबंधातले पद नसते. समायोजन करायचे तर आरोग्य विभागात समकक्ष पद मंजूर आणि रिकामे हवे. म्हणजे कंत्राटी परिचारिकेचे भवितव्यही त्याच रिक्त जागांवर अवलंबून आहे, ज्या भरा म्हणून कायम परिचारिका आझाद मैदानात बसल्या होत्या. दोन्ही संघटनांच्या निवेदनांत हा दुवा ठळकपणे यायला हवा होता. तसा तो येत नाही, कारण सेवाज्येष्ठतेचा प्रश्न मध्ये उभा राहतो: समायोजित झालेल्या परिचारिकेची ज्येष्ठता कोणत्या तारखेपासून धरायची? अभियानात लागली तेव्हापासून, की समायोजनाच्या दिवसापासून? परिसेविकेच्या पदोन्नतीची रांग लांब असते आणि रांगेत मध्येच कोणी आलेले कोणालाच नको असते.

आणि तिसरी रांग

या वादात एक गट वॉर्डाबाहेरच उभा आहे. मिरज हे परिचर्या शिक्षणाचे जुने गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन रुग्णालय उभारले आणि त्या शतकाच्या अखेरीस परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. आज सांगली-मिरज पट्ट्यातून दरवर्षी जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग होऊन मुली, आणि आता बरीच मुलेही, बाहेर पडतात. त्यांच्या दृष्टीने ३० टक्के समायोजन म्हणजे सरळसेवेच्या तेवढ्या जागा कमी. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा त्यांच्यामागे लागलेली असते.

तोवर खासगी रुग्णालये आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २० हजार रुपये मिळावेत आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके. ती शिफारसच राहिली, अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. लहान रुग्णालयांत आजही त्याहून कमी पगारावर नोकरी सुरू होते. त्यामुळे ‘एनएचएम’ची अकरा महिन्यांची, २० हजारांची जाहिरात निघाली की कागदपत्रांच्या झेरॉक्स घेऊन जिल्हा परिषदेत पुन्हा रांग लागते.